फाईल ओळखीच्याच नंबरावरून येते

आमच्या धाराशिव जिल्ह्यात शेतकऱ्याचं बरंचसं सरकारी काम आता फोनवर आलं आहे. पीक विमा, ई-पीक पाहणी, फार्मर आयडी, पीएम किसानची केवायसी, लाडक्या बहिणीची केवायसी, या सगळ्याला मोबाईल नंबर लागतो आणि त्यावर येणारा ओटीपी लागतो. तुळजापूर तालुक्यात मी सेवा केंद्र चालवतो, त्यामुळे लोकांचे फोन रोज हातात येतात. पैसे गेलेली माणसंही आधी माझ्याकडेच येतात, पोलिसांत नंतर जातात. म्हणून हे लिहितो आहे.

शेजारच्या गावातल्या एका काकांचं सांगतो. पेरणीचे दिवस होते आणि पीक कर्जाचे पैसे नुकतेच खात्यात जमा झाले होते. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पीएम किसानच्या नावाची एक फाईल आली. पाठवणारा गावातलाच, रोज पारावर भेटणारा माणूस. काकांचा हप्ता अडकलेला होता, म्हणून त्यांनी फाईल उघडली. फोनने एकदोनदा धोक्याची सूचना दिली, पण ती इंग्रजीत होती. पुढं हुबेहूब सरकारी वाटणारा फॉर्म आला. त्यात नाव, आधार नंबर, बँक आणि शेवटी यूपीआय पिन विचारला. काकांनी सगळं भरलं. फॉर्म गोल फिरत राहिला आणि बंद झाला. खात्यातून पैसे गेल्याचं त्यांना कळलं ते बियाण्यासाठी पैसे काढायला बँकेत गेल्यावर. "मेसेज तर एकबी आला न्हाई," असं ते पुन्हा पुन्हा सांगत होते.

मेसेज आले होते, पण ते भलत्याच माणसाने वाचले होते.

नावाच्या शेवटी एपीके असलेली फाईल म्हणजे थेट फोनमध्ये बसणारं ॲप. ते प्ले स्टोअरमधून आलेलं नसतं, त्यामुळे ते कुणी तपासलेलंही नसतं. बसताना ते एसएमएस वाचायची परवानगी मागतं. ती मिळाली की बँकेचा ओटीपी आपल्या फोनवर येतो आणि त्याच क्षणी चोराकडेही पोहोचतो. पुष्कळदा असं ॲप स्वतःचं चिन्ह लपवतं, म्हणजे स्क्रीनवर शोधून सापडत नाही. व्हॉट्सॲप नव्या फोनवर सुरू करण्याचा कोडही एसएमएसनेच येतो. चोर तो वापरून तुमचं व्हॉट्सॲप आपल्या ताब्यात घेतो आणि तीच फाईल तुमच्या सगळ्या ग्रुपवर टाकतो. पारावरच्या त्या माणसाने काकांना काहीच पाठवलेलं नव्हतं. त्याचा फोन आदल्या दिवशीच चोराच्या ताब्यात गेला होता, आणि गावात मात्र त्याच्याकडे संशयाने बघणं सुरू झालं. मला पैशांइतकंच याचंही वाईट वाटतं.

"अनोळखी लिंक उघडू नका" हा सल्ला इथं कामाचा नाही, कारण फाईल भाच्याच्या, सरपंचाच्या, मुलाच्या मास्तरांच्या नंबरावरून येते. कधी ती लग्नाची पत्रिका असते, कधी गाडीचं चलन, कधी बँकेची केवायसी. नाव काहीही असो, एपीके कुणीही पाठवली तरी उघडायची नाही, आणि पाठवणाऱ्याला साधा फोन लावून विचारायचं. व्हॉट्सॲपवर विचारलंत तर उत्तर चोरच देईल.

आज संध्याकाळी घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये सेटिंग्ज उघडा. परवानग्यांच्या यादीत एसएमएस शोधा आणि तिथं कोणकोणती ॲप आहेत ते बघा. कॅमेऱ्याच्या, टॉर्चच्या किंवा कर्ज देणाऱ्या ॲपला तुमचे मेसेज वाचायचं काही कारण नाही. परवानगी काढून टाका. नोटिफिकेशन आणि ॲक्सेसिबिलिटीच्या याद्याही तशाच बघा, कारण ओटीपी तिथूनही वाचता येतो. व्हॉट्सॲपला अनोळखी ॲप बसवण्याची मुभा दिलेली असेल तर बंद करा. व्हॉट्सॲपमध्येच टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन लावून ठेवा, म्हणजे नुसत्या एसएमएसच्या कोडवर ते दुसरीकडे सुरू होत नाही. आईवडिलांच्या फोनमध्ये हे मुलांनी बसून करायचं. पुण्यात नोकरीला असलेल्यांनी पुढच्या सुट्टीत गावी आल्यावर आधी हेच करावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

घात झालाच तर फोनचं इंटरनेट लगेच बंद करा आणि दुसऱ्या फोनवरून 1930 लावा. हा देशभरचा सायबर फसवणुकीचा नंबर आहे. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात फिरत असतात, ते मधे कुठं अडवता आले तर इथूनच. त्याच वेळी बँकेला कळवा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार, चूक ग्राहकाची असली तरी त्याने बँकेला कळवल्यानंतर झालेलं नुकसान बँकेने सोसायचं असतं. म्हणून लाजेखातर घरात गप्प बसून राहू नका, प्रत्येक तासाला किंमत आहे. ती फाईल उघडलेला फोन मात्र पूर्ण रिसेट केल्याशिवाय बँकेच्या कामाला वापरू नका. त्याआधी पुराव्यासाठी मेसेजचे आणि त्या फाईलचे फोटो दुसऱ्या फोनने काढून ठेवा.

आता आमच्यासारख्या केंद्रांबद्दल. लोक काउंटरवर फोन ठेवतात, लॉक सांगतात आणि चहाला जातात. ओटीपी तर रांगेत मोठ्याने वाचून दाखवतात. हा विश्वास मला नको आहे. फोन स्वतःच्या हातात ठेवा, ओटीपी कशासाठी आला ते मेसेजमध्ये वाचून घ्या, किंवा वाचून दाखवायला सांगा. पैसे काढताना अंगठा लावायच्या आधी यंत्रावर रक्कम किती आहे ते विचारा. आधारची प्रत कुठं द्यायची असेल तर पुष्कळ ठिकाणी शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार चालतं, ते मागून घ्या. अंगठ्याने पैसे काढत नसाल तर आधारचं बायोमेट्रिक कुलूप लावून ठेवता येतं, आणि गरजेपुरतं उघडताही येतं. आधारचा आणि पासबुकाचा फोटो ग्रुपवर टाकणं तर आधी थांबवा. योजनेच्या यादीत नाव आहे का बघण्यासाठी कुणालाही तो लागत नाही.

आमच्या भागात आणखी एक धोका आहे, आणि त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. वाशी, भूम, कळंबकडची कुटुंबं ऊसतोडीला महिनोन्‌महिने बाहेर असतात. तिकडं जाऊन नवं सिम घेतात आणि जुन्याचा रिचार्ज राहून जातो. बंद पडलेला नंबर 90 दिवसांनंतर कंपनी दुसऱ्या कुणाला देऊ शकते. बँकेत आणि आधारला मात्र तोच जोडलेला राहतो, आणि तुमचे ओटीपी परक्याच्या हातात पडू लागतात. नंबर सोडायचाच असेल तर गाव सोडण्याआधी बँकेत आणि आधार केंद्रात जाऊन नवा जोडून घ्या. घरातल्या बायकांच्या खात्यालाही पुष्कळदा नवऱ्याचा किंवा दिराचाच नंबर असतो, तोही त्याच फेरीत तपासा. तुमच्या नावावर किती सिम चालू आहेत ते दूरसंचार खात्याच्या संचार साथी या संकेतस्थळावर फुकट दिसतं. त्यात न घेतलेलं सिम आढळलं तर तिथूनच कळवता येतं, आणि फोन हरवला तर तो बंद करण्याचा अर्जही तिथंच करता येतो. त्यासाठी आयएमईआय नंबर लागतो. फोन हातात आहे तोवर *#06# दाबून तो वहीत लिहून ठेवा.