धाप : वयाची की वणाची?

जिना चढताना आजोबांना धाप लागली, की आपण म्हणतो, ‘वय झालं!’ पण धापेबरोबर महिनोन्‌महिने कोरडा खोकलाही असेल, तर कारण शोधलेच पाहिजे.

फुप्फुसांत कोट्यवधी वायुकोश असतात. त्यांच्या अतिशय पातळ भिंतींतून प्राणवायू रक्तात जातो. जखम भरल्यावर कातडीवर वण राहतो. तसेच तंतू या भिंतींत साचले, तर त्या जाड व ताठर होतात. प्राणवायू कमी मिळतो. हाच पल्मनरी फायब्रोसिस.

दगडाची बारीक धूळ, अ‍ॅस्बेस्टॉस, कबुतरांची विष्ठा व पिसे, काही प्रकारचे संधिवात, काही औषधे ही त्याची कारणे. पुष्कळदा, विशेषतः साठीनंतर, कारण सापडतच नाही.

पडलेला वण पुसता येत नाही. २०१४ साली अमेरिकेत मान्यता मिळालेली पिरफेनिडोन व निन्टेडानिब ही औषधे काही रुग्णांत त्याची वाढ मंदावतात. प्राणवायूची नळी व श्वसनाचे व्यायाम यांनी आराम पडतो. फुप्फुसाचे रोपण मोजक्यांनाच शक्य असते.

म्हणूनच निदान लवकर व्हावे. आजोबा पूर्वी कोणते काम करीत, खिडकीत कबुतरे बसतात का, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. कारण वेळीच दूर केले, तर उरलेले फुप्फुस वाचू शकते.