सहकाराचा धडा : बडोद्याची मंडळी आणि आपली उचल



मासेमारी बंदी संपत आली की घराघरात एकच हिशेब सुरू होतो. डिझेल, बर्फ, जाळी, रेशन, खलाशांची उचल. पैसा आणायचा कुठून? बहुतेकांचं उत्तर ठरलेलं : व्यापाऱ्याकडून.

म्हणून आज बडोद्याकडे बघू. १८८९ साली बडोदा संस्थानात विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाऊसाहेब कवठेकर यांच्या मार्गदर्शनाखाली ‘अन्योन्य सहकारी मंडळी’ उभी राहिली. देशातली ही बहुधा पहिली ज्ञात परस्पर मदत संस्था मानली जाते. सहकारी पतसंस्थांचा कायदा आला १९०४ साली, म्हणजे १५ वर्षांनी. कायद्याची वाट न बघता माणसं एकत्र आली होती.

अन्योन्य म्हणजे एकमेकांना. सभासदांनी थोडी थोडी बचत एकत्र ठेवायची, अडलेल्याला त्यातून कर्ज द्यायचं, त्याने फेडलं की पुढच्याला. व्याज बाहेर जात नाही, आपल्याच मंडळीत राहतं. पण एकाने थकवलं की दुसऱ्याचं अडतं, हेही तितकंच खरं.

आता आपला हिशेब. समजा, व्यापाऱ्याने १ लाखाची उचल ‘बिनव्याजी’ दिली. अट एकच, म्हावरं त्यालाच घालायचं, किलोमागे २० रुपये कमी भावाने. हंगामात २,००० किलो घातलं तर ४०,००० रुपये गेले! बिनव्याजी कसली?

२०१८-१९ पासून किसान क्रेडिट कार्ड मच्छीमारांनाही मिळतं. २ लाखांपर्यंत व्याज ७ टक्के, वेळेवर फेडलं तर सवलतीने ४ टक्के. म्हणजे १ लाखाला वर्षाचे ४,००० रुपये. आणि मासळी कुणाला विकायची ते आपण ठरवायचं.

तेव्हा बंदीच्या काळातच तीन कामं उरकून घ्या :

१. बोटीची नोंदणी आणि मासेमारी परवाना चालू आहे का बघा. कार्डासाठी दोन्ही लागतात.

२. मागच्या हंगामात व्यापाऱ्याचा भाव आणि बंदरावरचा भाव यात किती फरक पडला, तो वहीत मांडा. घरातल्या बायकांना सोबत घ्या, बाजारभाव त्यांना पक्का ठाऊक असतो.

३. जुनी उचल एकदम फिटणार नसेल तर किती हप्त्यांत फेडायची ते व्यापाऱ्याशी बोलून लिहून घ्या.

सोसायटीचं जुनं कर्ज असेल तर तेही वेळेवर भरा. आपण भरलेल्या हप्त्यावरच शेजारच्या नाखव्याची बोट दर्यात जाते.