चाळिसावा सेकंद

आमच्या कॉलेजचा संघ रोबोकॉनच्या राष्ट्रीय फेरीत पहिल्यांदा उतरला तेव्हा इलेक्ट्रॉनिक्स माझ्याकडे होतं. सामना तीन मिनिटांचा. चाळीस सेकंद बॉट सुरेख धावला. मग वस्तू उचलायला त्याने हात वर घेतला, सगळे दिवे क्षणभर विझून पुन्हा लागले आणि तो तिथेच उभा राहिला.

कारण पिटमध्ये आल्यावर लगेच सापडलं. मोटर सुरू होताना किंवा अडकल्यावर नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते. चाकांच्या चारही मोटरी चालू असताना हाताची मोटर लागली, बॅटरीचं व्होल्टेज पडलं आणि त्याच बॅटरीवरचा कंट्रोलर रिसेट झाला. प्रोग्रॅम पुन्हा पहिल्या ओळीवर जाऊन स्टार्टच्या बटणाची वाट बघत बसला. कंट्रोलरला वेगळी छोटी बॅटरी दिली असती तर हे टळलं असतं.

लॅबमध्ये हे दिसलं नाही, कारण आम्ही चाकं वेगळी तपासली होती आणि हात वेगळा. सगळं मिळून सलग तीन मिनिटं एकदाही चालवलं नव्हतं. बॉट पुरा झाला तोच टेम्पोत चढवायच्या आदल्या रात्री. त्याआधी डिझाइन तीनदा बदललं होतं, आणि दर वेळी नवं डिझाइन आधीच्यापेक्षा चांगलंच होतं. म्हणून तर मोह आवरला नाही.

2008 साली आशिया-पॅसिफिक रोबोकॉन पुण्यात झाली, तेव्हा खेळाचा विषय गोविंदा होता. मला ते फार समर्पक वाटतं. मुंबईतली गोविंदा पथकं गुरुपौर्णिमेपासून सरावाला लागतात, म्हणजे हंडीच्या पाच आठवडे आधी. थर रोज लागतो, रोज कोसळतो, कोण कुठे डगमगतं ते कळतं. बॉटलाही कोसळायला तेवढे दिवस द्या.

तुम्ही या वर्षी पहिल्यांदा उतरताय, तर नियमपुस्तिका सगळ्यांनी वाचा, फक्त कॅप्टनने नव्हे. पुस्तिकेतली सगळी कामं करणारा बॉट मनात आणू नका. गुण मिळवून देणारं एखादं काम दहापैकी नऊ वेळा जमेल असा साधा बॉट आधी उभा करा. स्पर्धेच्या महिनाभर आधी डिझाइनला कुलूप लावा. ड्रायव्हर तेव्हाच ठरवा आणि रोज पूर्ण तीन मिनिटांच्या फेऱ्या घड्याळ लावून करा. प्लायवूडला मैदानासारखा रंग देऊन त्यावर चालवा. लॅबच्या फरशीवर चाकांची पकड वेगळी असते. फेरीआधी प्रत्येक वायर हाताने ओढून बघा, कारण हादऱ्यांनी कनेक्टर सैल होतात. लिपो बॅटरीचा कुठलाही सेल 3 व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नका, आणि ती चार्जिंगला लावून खोली रिकामी सोडू नका. कधीही नाही.

तुमचाही बॉट बंद पडेल. पडला की पुसून टाकू नका; तारीख, वेळ, बॅटरीचं व्होल्टेज आणि त्या क्षणी काय चालू होतं ते वहीत लिहा. आमच्या संघाने दुसऱ्या वर्षी अशी वही ठेवली. त्या वर्षी आमचे सगळे साखळी सामने तिन्ही मिनिटं चालले.

शनिवारी दुपारी मी वर्कशॉपमध्ये असतो. अर्धवट असला तरी बॉट घेऊन या.