आधी एक पान काढून बघा

"काकू, सवय नाही ना, म्हणून तसं वाटतंय." हे वाक्य मी २०२० च्या जानेवारीत दिवसातून दहा वेळा ऐकलं. आजही ते कुणी दुसऱ्या कुणाला म्हणताना कानावर पडलं, की माझा हात कीबोर्डवर थांबतो.

मी सदाशिव पेठेतल्या एका प्रकाशनात अक्षरजुळणी करते. मराठी टंकलेखनाच्या तीस आणि चाळीसच्या परीक्षा लोखंडी टाइपरायटरवर दिल्या, आणि संगणक आल्यावरही बोटं त्याच कळफलकावर चालत राहिली. विंडोज ७ ला मिळणारी सुरक्षा १४ जानेवारी २०२० ला बंद होणार होती. तेवढ्यावर मालकांच्या मुलाने ठरवून टाकलं, की सगळ्या मशिनींवर लिनक्स घालायचं. परवान्याचा खर्च वाचेल. सल्ला देणारा मुलगा बाहेरचा, मशिनी दुरुस्त करणारा. अक्षरजुळणीला आम्ही तिघी, पण एकीलाही विचारलं नाही. शनिवारी संध्याकाळी मशिन बंद करून घरी गेले, सोमवारी समोर वेगळाच पडदा.

लिनक्स मला आवडत नाही, पण ते वाईट आहे असं मी म्हणणार नाही. घरी हौसेने वापरणाऱ्यांना त्यात सुख मिळत असेल. माझा राग वेगळा आहे. ज्या कामाचा पगार देता, ते काम या मशिनवर होतं का, हे बघायला कुणी एक तास काढला नाही.

पहिल्याच दिवशी कळलं, की आमच्या जुन्या फाँटच्या सॉफ्टवेअरचं परवान्याचं लॉक तिथे चालत नाही. वीस वर्षांच्या पुस्तकांच्या फायली उघडल्या तर सगळी रोमन चिन्हांची खिचडी. कळफलक इन्स्क्रिप्ट. जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी आधी मारायची आणि मग अक्षर. इथे आधी अक्षर, मग वेलांटी. रफार अक्षरानंतर मारत होतो, तो आता अक्षराच्या आधी. बोटांना पडलेली वळणं एका सोमवारी पुसून टाकायची होती. पानं लावायला स्क्रायबस दिलं, तेही १.४ आवृत्ती. तिच्यात जोडाक्षरं जुळायचीच नाहीत, पाय मोडलेली अक्षरं सुटी सुटी दिसायची आणि वेलांटी भलतीकडे. मी दाखवलं, तर उत्तर तेच, सवय. देवनागरी नीट जुळवणं त्या सॉफ्टवेअरच्या १.५ मालिकेत आलं होतं, हे मला पुढे दुसऱ्या छापखान्यातल्या एकाने सांगितलं. सल्लागाराने नाही.

तरी मी शिकले. दीड महिन्यात इन्स्क्रिप्टवर माझा वेग परत आला. हे मुद्दाम लिहिते, कारण ऑफिसात अजून बोललं जातं की जुन्या माणसांना नवं नको असतं.

त्यानंतर ते पुस्तक आलं. एका ऐंशीच्या पुढच्या लेखकांच्या आठवणी, दुसरी आवृत्ती. जुनी फाइल युनिकोडमध्ये आणायला सल्लागाराने कुठला तरी कन्व्हर्टर चालवला आणि सव्वादोनशे पानं पाच मिनिटांत रूपांतरित झाली म्हणून सगळ्यांना बोलावून दाखवली. मी म्हटलं, पुन्हा प्रूफ वाचायला हवं. मालकांचा मुलगा म्हणाला, "मजकूर तोच आहे, मग प्रूफ कशाला?" फर्मे छापायला गेले.

पुस्तक हातात पडल्यावर लेखकांचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्त लागलं. त्यांच्या वडिलांनी गावजेवणात आचाऱ्यांना आधी वाढलं, मग पंगत बसवली, असा एक प्रसंग आहे. सगळ्या पुस्तकाचा जीव त्यात आहे. छापलं होतं, 'आचार्यांना आधी वाढलं'. अर्थच उलटला. पुढे दऱ्यांचा दर्या झाला होता, वाऱ्याचा वार्या.

मला केबिनमध्ये बोलावलं. सल्लागार तिथेच बसलेला. म्हणाला, "काकूंची बोटं अजून जुन्या कळफलकावरच आहेत." कुणी काही बोललं नाही.

रविवारी किल्ली मागून एकटी ऑफिसात गेले. माझ्या मशिनवर 'आचाऱ्यांना' टाइप केलं. बरोबर उमटलं. मग सल्लागाराने रूपांतरित केलेली मूळ फाइल उघडली, जिला माझा हातही लागला नव्हता, आणि तोच शब्द शोधला. एकदाही सापडला नाही. 'वऱ्हाड'मधला आडवा र सबंध पुस्तकात कुठेच नव्हता, सगळीकडे रफार. कपाटातून पहिल्या आवृत्तीचं शेवटचं प्रूफ काढलं. तिथे सगळं जागच्या जागी. म्हणजे कन्व्हर्टरला तो र माहीतच नव्हता. मी खुर्चीत बसून राहिले. आनंद झाला नाही. दोन आठवडे मी स्वतःच्याच बोटांवर संशय घेत होते, त्याचं रडू आलं.

सोमवारी मी टाइप केलेला शब्द, सल्लागाराची फाइल आणि जुनं प्रूफ, तिन्हींचे कागद टेबलावर ठेवले. शुद्धिपत्र छापून प्रत्येक प्रतीत घातलं. माफी कुणी मागितली नाही.

तुमच्या ऑफिसात असा बदल येणार असेल, तर मशिनी बदलायच्या आधी एक पान काढून बघा. त्यात वऱ्हाड, कुऱ्हाड, ऱ्हस्व, दर्या आणि दऱ्या, वाङ्मय, क्लृप्ती, त्र्यंबक, हृदय, ॲप, ऑफिस असे शब्द घाला. पडद्यावर बघून भागत नाही, कागदावर छापा. त्याच्या पीडीएफमधून मजकूर उचलून परत चिकटवा, तोही टिकतो का बघा.

आडवा र दोन तऱ्हांनी टाइप होतो: इन्स्क्रिप्टवर शिफ्ट धरून जे, मग डी, किंवा साधा र, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारं जोडचिन्ह. कागदावर दोन्ही सारखेच, पण शोधताना एक टाइप करून दुसरा सापडेलच असं नाही, आणि सूचीत शब्द भलत्या जागी जातात. ऑफिसात सगळ्यांनी एकच तऱ्हा ठरवा. 'ॲ'चंही तसंच. मजकुराची भाषा मराठी निवडा, नाहीतर काही फाँटांत ल आणि श हिंदी वळणाचे येतात.

जुनं एक मशिन लॉकसकट ठेवून द्या, फक्त इंटरनेटची वायर काढा. बॅकअप घ्या, हे सांगायला नकोच. रूपांतर झालेला मजकूर नवा मजकूर समजून पहिल्या ओळीपासून वाचा. वाचू देत नसतील, तर तसं मेलवर लिहून ठेवा. तोंडी सांगितलेलं केबिनमध्ये कुणाला आठवत नाही.

गेल्या वर्षी त्याच सल्लागाराचा फोन आला. नाशिकच्या एका छापखान्यात तो हेच काम करणार होता. "काकू, तुमचं ते शब्दांचं पान पाठवता का?" मी पाठवलं. तळाशी माझं नाव आणि पुस्तकाचं ते पान, आचार्यांचं, दोन्ही जोडून.