परमिशन नियमात लिहा!

मायक्रोकंट्रोलर लॅबमध्ये लिनक्सवर काम करताना 'परमिशन डिनाइड' हा मेसेज बहुतेकांनी पाहिला असेल. यूएसबीॲस्प प्रोग्रामर जोडला, कोड बरोबर, वायरिंग बरोबर, तरी चिप बर्न होत नाही. मग एखादा सीनियर सांगतो, "सुडो लाव, नाहीतर चमॉड ६६६ मार." काम होतं. पण केबल काढून परत लावली की पुन्हा तोच मेसेज! असं का?

लिनक्समध्ये अशा उपकरणासाठी 'डेव्ह' डिरेक्टरीत एक फाइल असते. ती डिस्कवर कायमची नसते. उपकरण जोडलं की तयार होते, काढलं की जाते. चमॉडने दिलेली परवानगीही तिच्याबरोबरच जाते. नवी फाइल येते ती रूटच्या मालकीची, सहसा मोड ०६६४ घेऊन. म्हणजे आपण वाचू शकतो, लिहू शकत नाही.

हे सगळं ठरवतो यूडेव्ह. २००३ मध्ये ग्रेग क्रोह-हार्टमन यांनी तो आणला, २०१२ पासून तो सिस्टमडीचा भाग आहे. त्याच्यासाठी आपले नियम '/ईटीसी/यूडेव्ह/रूल्स.डी' मध्ये लिहायचे.

नियमात आधी ओळख, मग हुकूम. दौंड जंक्शनला गाडीचा प्लॅटफॉर्म बदलेल, नंबर बदलत नाही. तसंच परत जोडल्यावर फाइलचं नाव बदलतं, पण व्हेंडर आणि प्रॉडक्ट आयडी तेच राहतात. 'एलएसयूएसबी' कमांड ते दाखवते. यूएसबीॲस्पचे आहेत १६सी० आणि ०५डीसी. हे '==' ने तपासायचे, आणि पुढे एका '=' ने ग्रुप व मोड ०६६० द्यायचा. फाइलचं नाव '.रूल्स' ने संपलंच पाहिजे. मग 'यूडेव्हएडीएम कंट्रोल --रीलोड' चालवा आणि केबल परत लावा. ग्रुपमध्ये आपलं नाव नवीन घातलं असेल तर आधी लॉगआउट करून परत लॉगिन करा.

कोणी म्हणेल, नियमातच ०६६६ लिहिलं तर ग्रुपची कटकटच नको! मला ते पटत नाही. उद्या आपल्यातले कितीतरी जण शिरूर तालुक्यात रांजणगावला, नाहीतर दौंडजवळ कुरकुंभच्या एमआयडीसीत ट्रेनिंगला जातील. एकाच पीसीवर तीन शिफ्टची माणसं काम करत असतील आणि त्याला चालू मशीनचा कंट्रोलर जोडलेला असेल, तर ०६६६ म्हणजे लॉगिन असलेल्या कोणालाही त्या मशीनला आज्ञा द्यायची मुभा. आणि सुडो म्हणजे तर अख्ख्या सिस्टीमची किल्ली.

नियम एकदाच लिहावा लागतो, पाच मिनिटांचं काम आहे. पुढच्या प्रॅक्टिकलला करूनच बघा!