गिऱ्हाइकाच्या हाती काय द्यायचं

पाचोरा

चि. सोनू,


पुण्याचा कोर्स संपत आला आणि पाचोरा-भडगावकडची वेबसाइटची कामं घेऊन बघायचा तुझा विचार आहे, असं तुझी आई म्हणाली. वर्डप्रेसच्या थीम करणार म्हणतेस. जरूर कर. पण आधी पीएचपी पक्की करू की रिअ‍ॅक्ट, हा तुझा प्रश्न मला दुय्यम वाटतो. आपल्याकडचं गिऱ्हाईक साइट ताब्यात घेतल्यावर तिचं काय करतं, इथून सुरुवात कर.

शाळा असो, पतसंस्था असो, जिनिंग असो, सगळीकडे एकच कथा. पहिला महिना साइट नीटनेटकी असते. मग घरातला एखादा पुतण्या लॉगिन घेऊन बसतो. सूचना लाल करतो, तिच्याखालची हिरवी, महत्त्वाची म्हणून तिसरी जांभळी आणि दुप्पट मोठी. वर्षभरात साइटचा वाढदिवसाचा फ्लेक्स होतो. त्या पोराला बोल लावू नकोस. रंगांचा डबा त्याच्यापुढे आपणच उघडा ठेवलेला असतो.

पूर्वी हा प्रश्न एवढा यायचा नाही. मॅट मुलनवेग आणि माइक लिटल यांनी 2003 मध्ये ‘बी2’ या जुन्या प्रणालीवरून वर्डप्रेस उभं केलं; पुढे थीम आल्या, त्याही कितीतरी वर्षं पीएचपीच्याच फायली. फुटरमधला फोन नंबर बदलायचा तरी बऱ्याचदा गिऱ्हाईक आपल्या दारात. डिसेंबर 2018 मध्ये 5.0 बरोबर ब्लॉक एडिटर आला आणि जानेवारी 2022 मध्ये 5.9 बरोबर अख्खी साइटच ब्लॉकांनी रचायची सोय झाली. ट्वेंटी ट्वेंटी-टू ही तशी पहिली डिफॉल्ट थीम. आता हेडरपासून फुटरपर्यंत सगळं माउसने हलतं. कोड तसा थोडाच उरला. ब्लॉक थीम उभी राहायला एक स्टाइल डॉट सीएसएस आणि टेम्प्लेट्स फोल्डरातली एक इंडेक्स डॉट एचटीएमएल पुरते. उरलं ते ठरवणं: कोणती गोष्ट गिऱ्हाइकाला बदलू द्यायची आणि कोणती नाही. माझ्या मते आज थीम करणाऱ्याचे पैसे त्या ठरवण्याचे असतात.

त्यातलं बरंचसं थीम डॉट जेसन या एका फायलीत लिहिता येतं. चार-पाच रंगांची पॅलेट दे, डिफॉल्ट पॅलेट बंद कर, मनाचा रंग निवडायची सोयही बंद कर. अक्षरांचे आकार चारच ठेव आणि हवा तो आकडा टाकायची मुभा काढून घे. मजकुराची रुंदी एकदा ठरवून दे. मुख्याध्यापकांचं मनोगत, निकाल, सूचना असे तयार पॅटर्न करून ठेव आणि त्यांना ‘कन्टेन्ट ओन्ली’ कुलूप लाव. मग पुतण्या मजकूर आणि फोटो खुशाल बदलेल, मांडणी सहजासहजी हलणार नाही. आणि फोन नंबर, पत्ता, वेळ हे मात्र त्याला एका क्लिकवर सापडलं पाहिजे. तेवढ्यासाठी तुला फोन करावा लागला, तर थीम फसली समज.

एक गोष्ट पुष्कळांना रडवते, ती आत्ताच सांगतो. गिऱ्हाइकाने साइट एडिटरमध्ये काही बदललं की ते डेटाबेसमध्ये जातं आणि तुझ्या फायलीच्या वर बसतं. तू घरी फाइल सुधारतेस, चढवतेस, आणि साइटवर फरक शून्य. मग कॅशला शिव्या, होस्टिंगवाल्याला फोन. आधी एडिटर उघडून त्या टेम्प्लेटवर कुणी हात फिरवलाय का ते बघ. फिरवला असेल तर विचारून मगच मूळ रूपावर आण, कारण त्यात त्यांनी स्वतः घातलेला मजकूरही असू शकतो. तू स्वतः एडिटरमध्ये काम करत असशील तर ‘क्रिएट ब्लॉक थीम’ हे प्लगइन वापर, ते बदल परत फायलींत उतरवून देतं.

आता आपल्या लिपीचं. इथे मी थोडा रेंगाळणार, कारण परदेशी थीम नेमक्या इथेच मार खातात. त्यांच्या मथळ्याची ओळउंची असते 1.1 च्या आसपास. त्यात ‘कृषी उत्पन्न बाजार समितीची पूर्वसूचना’ दोन ओळींत बसवून बघ. वरच्या ओळीतले उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांवर आणि रफारांवर आदळतात. मथळ्याला निदान 1.4 आणि मजकुराला 1.7 तरी दे. अक्षरांमधलं अंतर वाढवू नकोस, शिरोरेषा तुटते. सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे सेटिंग्जमधली साइटची भाषा. ती इंग्रजी राहिली तर पानाच्या ‘लँग’ गुणधर्मातही इंग्रजीच जाते. ज्या फॉन्टात मराठी आणि हिंदी अशी दोन्ही रूपं असतात, त्याला मग कळत नाही की इथे आपला देठाचा श आणि पाकळ्यांचा ल हवाय. तो हिंदी वळण दाखवतो, आणि मराठी शाळेच्या साइटवर ते खटकतं. भाषा मराठी केली की अक्षरं आपोआप बदलतात, एक ओळ कोड लागत नाही. फॉन्ट मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्ता’ घेतलास तरी चालेल, मुक्त परवान्याचा आहे. थीमच्या फोल्डरातच ठेव आणि दोनच जाडीत घे, कारण इथला वाचक साध्या फोनवर, बेताच्या नेटवर साइट उघडतो. तोही मे महिन्यात, उन्हात, बाजार समितीच्या आवारात उभा राहून. ती फिकट राखाडी नाजूक अक्षरं पुण्याच्या एसीत ठीक आहेत, इथे दिसत नाहीत. मजकूर आणि पार्श्वभूमीचा काँट्रास्ट 4.5 ला 1 च्या खाली जाऊ देऊ नकोस.

मजकूर बहुतेक वेळा छापखान्यातून येईल, श्रीलिपीत टाइप केलेला. चिकटवलास की रोमन अक्षरांचा चुराडा दिसेल. युनिकोडमध्ये बदलून घे आणि एकदा डोळ्यांखालून घाल. जोडाक्षरं हमखास बिघडतात. ते काम दरात धर, फुकट करू नकोस.

बातमीचा वेब-पत्ता मराठीत ठेवण्याचा हट्टही सोड. पत्त्यात आपलं एकेक अक्षर किंवा मात्रा नऊ चिन्हांची होते आणि वर्डप्रेस पत्त्यातल्या मथळ्याच्या भागाला 200 चिन्हांपर्यंतच जागा देतं. बावीस अक्षर-मात्रांत मथळा मधेच कापला जातो. हे थीमचं काम नाही, पण फोन तुलाच येणार.

जिनिंगच्या साइटवर रोजचा कापसाचा भाव लागतो. तो विभाग थीममध्ये बांधू नकोस, छोटं प्लगइन कर. नाहीतर तीन वर्षांनी दुसऱ्या कुणी थीम बदलली की भावांचं पान गायब. तसंच टेम्प्लेटच्या एचटीएमएल फायलीत पीएचपी चालत नाही, त्यामुळे तिथे लिहिलेलं वाक्य भाषांतरात येत नाही. अशी वाक्यं पॅटर्नच्या फायलीत ठेव.

कुणी एखादी पैशाची थीम फुकटात ‘नल्ड’ आणून देईल. तिला हात लावू नकोस, आत काय पेरलंय सांगता येत नाही. आणि वर्डप्रेस जीपीएल या मुक्त परवान्यावर आहे, हे गिऱ्हाइकाला स्वतःहून सांग. काम पुरं झाल्यावर थीमच्या फायली, अ‍ॅडमिनचा पासवर्ड आणि डोमेन त्याच्याच नावावर दे. पासवर्ड दाबून ठेवून गिऱ्हाईक टिकवणारे आपल्या धंद्यात आहेत. दुसऱ्या वर्षी त्यांना कुणी विचारत नाही, कारण गाव लहान आहे.

इथल्या एका शाळेला नवी साइट करायची आहे. मी तुझं नाव सुचवलंय, दर सांगितलेला नाही. तो तूच ठरव, आणि सुचवलेल्या रंगांसह एक पान आठवडाभरात मला पाठव. मी ते फोनवर, बाहेर उन्हात उघडून बघेन.

तुझा,
मामा