दुर्बीण ॲरिझोनात, मोजपट्टी तेलगावात



दुर्बीण म्हटलं की मुलांना वाटतं, एक डोळा मिटून नळीत बघायचं. आता बऱ्याच दुर्बिणींना डोळा लावावाच लागत नाही. लडाखमध्ये हानले इथे सुमारे 4500 मीटर उंचीवर 2018 पासून 'ग्रोथ-इंडिया' ही 70 सें.मी.ची दुर्बीण आहे. आयआयटी मुंबई आणि बेंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेची. घुमट उघडणं, दिलेल्या यादीतला तारा शोधणं, फोटो काढणं, सगळं यंत्रच करतं. फोटोंवरचं काम मात्र माणसाचं. ऑगस्ट 2020 मध्ये अमेरिकेतल्या पालोमार वेधशाळेच्या अशाच स्वयंचलित दुर्बिणीचे फोटो तपासताना आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांना एक बारीक रेघ दिसली. तो लघुग्रह होता, 2020 क्यूजी. पृथ्वीपासून जेमतेम 2950 कि.मी. वरून तो काही तासांपूर्वीच निघून गेला होता!

हे झालं आयआयटीचं. आपल्या सहावी-सातवीच्या पोरांचं काय?

त्यांच्यासाठी हार्वर्ड-स्मिथसोनियन केंद्राच्या 'मायक्रोऑब्झर्व्हेटरी'च्या छोट्या दुर्बिणी आहेत. आरसा फक्त 6 इंचांचा. वेबसाइटवर चंद्र, गुरू, तेजोमेघ यांपैकी काय हवं ते निवडायचं, ई-मेल द्यायचा. फोटो मेलवर येतो, तोही मोफत. वेबसाइट इंग्रजीत आहे, तेवढी मदत आपण करायची. ॲरिझोना आपल्या साडेबारा तास मागे. म्हणजे आपला साडेदहाचा परिपाठ चालू असतो तेव्हा तिथे रात्रीचे दहा वाजलेले असतात.

फोटो मागवताना कॅलेंडर बघा. पौर्णिमा नको, सावल्याच पडत नाहीत. शुद्ध दशमी-एकादशी बरी. प्रिंट अशी काढा की चंद्राच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत 16 सें.मी. भरेल. चंद्राचा व्यास 3474 कि.मी. आता एकमान पद्धत: 3474 भागिले 160, म्हणजे 1 मि.मी.ला साधारण 21.7 कि.मी. मग कोपर्निकस हे विवर मोजायला सांगा. कुणाला 4 मि.मी. दिसेल, त्याचं उत्तर 87 कि.मी. कुणाला 5, त्याचं 109. खरं माप 93 कि.मी., एसटीने दोन-अडीच तासांचा रस्ता. मुलं विचारतात, "सर, मग चुकलं कोण?" इथे घाई करू नका. एका मिलिमीटरच्या फरकाने 22 कि.मी. इकडे-तिकडे होतात, हे त्यांनाच शोधू द्या. माझ्या मते धड्यातला सगळ्यात मोलाचा भाग हाच. नुसता सुंदर फोटो तर गूगलवरही मिळतो.

आता आपल्या भागाची खरी अडचण. आकाश स्वच्छ असतं तो हिवाळा, आणि नेमकी तेव्हाच ऊसतोडीला गेलेल्या आई-बापांबरोबर अर्धी पोरं फडावर. ती परततात तेव्हा धडा संपलेला असतो. हा धडा मात्र फोनवरून कोपीपर्यंत जातो, कारण प्रमाण कुठल्याही स्क्रीनवर तेच राहतं. फोनवर चंद्र 6 सें.मी.चा आला, तर 1 मि.मी. म्हणजे जवळजवळ 58 कि.मी. तिथे कोपर्निकस हाती लागणार नाही. मग त्यांना मोठा काळा डाग द्यावा, 'मारे सेरेनिटाटिस', सुमारे 700 कि.मी. रुंद.

फडावरून एका मुलीचा व्हॉइस मेसेज आला: "सर, बारा मिलिमीटर भरतंय. पण त्या डागाची कड नीट दिसंना, पट्टी कुठून धरायची?"